गुळगुळीत म्हटलेला जोड

प्रिय मालू,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. आमच्या उपाहारगृहातल्या फिलोमेनाबाई गेले पंधरा दिवस माझ्या घेवड्याच्या सुपावर चीज किसताना हात आखडता घेतात. काल जाब विचारला, तर म्हणाल्या, "सिन्योर देवधर, आधी आरशात पोट बघा." बावीस वर्षं या इटलीच्या डोंगराखाली चाकरी करून हे फळ!

बाकी क्षेम म्हणावं, तर तसंही नाही. बोगद्यातल्या आमच्या टाकीत द्रवरूप आर्गॉन असतो, हे तुला ठाऊक आहे. आर्गॉन म्हणजे वायूंमधला स्थितप्रज्ञ. कुणाचं घेत नाही, कुणाला देत नाही. एखादा कण त्यातून गेला की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विजेच्या ओढीने दीड मीटर प्रवास करून वरच्या तारांपर्यंत येतात. त्यावरून आम्ही तो कण ओळखतो. पण अब्जात एखादा जरी प्राणवायूचा रेणू आत शिरला, तरी तो अधाशी वाटेतच इलेक्ट्रॉन गिळू लागतो. महिन्यापूर्वी जवळजवळ सगळे पोचत होते. आता निम्मेही येत नाहीत.

हवा शिरत होती ती शुद्धीकरणाच्या नळीच्या एका जोडातून. सोमवारी तो उघडला, तर पोलादी कडेवर केसाएवढा ओरखडा. उबेतल्या तपासणीत जोड टिकला होता. आर्गॉनच्या थंडीने आक्रसला आणि गळू लागला. असले ओरखडे डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, बोटाला कळतात. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की जोड बसवण्याआधी एकाने कडेवरून बोट फिरवून काय ते बोलायचं आणि दुसऱ्याने लिहून सही करायची. सही ओर्नेल्लाची आहे. पोर हुशार, पण नोकरी कराराची, आणि तो करार वाढवायचा की नाही, याचा निर्णय येत्या शुक्रवारी. आमचे प्रमुख सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "बाईसाहेब, सही करताना झोपला होतात का?" नंतर जिन्यात ती मला म्हणाली, "मास्तर, तुम्ही गुळगुळीत म्हणालात ना? मग गुळगुळीतच असणार. तुमची बोटं कधी चुकलीत? ओरखडा नंतर माझ्याच हातून पडला असेल." मी तिला 'बरं' म्हटलं. मालू, अमरकोश पाठ केलेला माणूस मी. सुचला तो शब्द 'बरं'.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं चार महिन्यांपासून बधिर आहेत. शर्टाचं बटण बघून लावावं लागतं. त्या दिवशी कडेवर बोट फिरवलं तेव्हा मला काहीच जाणवलं नाही, आणि काही जाणवलं नाही म्हणून मी 'गुळगुळीत' म्हणालो. तू रोज नसांचे रोगी तपासतेस. हे काय असेल ते न लपवता कळव. पण तुझ्या उत्तराआधी शुक्रवार येईल. प्रमुखांना जाऊन सगळं सांगायचं मी ठरवलं आहे. चारदा ठरवलं, आणि चारही वेळा त्यांच्या दारावरून परत आलो. त्या पोरीची नोकरी जाईल आणि मी तेव्हाही गप्पच बसेन, याची मला भीती वाटते.

तुझाच,
दादा