सांता लुसियाला दिलेले डोळे

ठाणे, ३० नोव्हें. १८८४
आईच्या मोतीबिंदूसाठी सांता लुसियाला, डोळ्यांच्या संतिणीला, नवस बोला, असं शेजारणी कधीच्या म्हणतायत. म्हणून आज प्रार्थनेनंतर बाबांच्या पोर्तुगीज पुस्तकातून लुसियाचं चरित्र वाचलं, म्हणजे आपल्या बोलीत सांगितलं. ओसरी भरली. एका श्रीमंत तरुणाला लुसियाचे डोळे आवडले, तर हिने ते काढून त्याला पाठवून दिले. पुस्तकात दोनच ओळी. मी तिखटमीठ लावून चांगलं रंगवलं. बायका रडल्या. आई सगळ्यांत जास्त. मला फार बरं वाटलं, खोटं का लिहू.

४ डिसें.
धाकटा भाऊ पेद्रू कल्याणहून आला. रेल्वेत आहे, बातम्या कळतात. तिथे डोळ्यांचा डॉक्टर आलाय, मोतीबिंदू काढतो. पंधरा तारखेपर्यंतच. म्हातारी माणसं परत बघायला लागलीत म्हणे! वाटलं, आई हरखेल. तर म्हणते, "इजूची गोस्ट ऐकली तवाच मी डोलं सांत लुसियाला दिलं. दिलेली वस्तू दाक्तरानं कशाला दुरुस्त करायची?"
पेद्रूने मला विचारलं, कुठली गोष्ट. सांगावी लागली.

५ डिसें.
आईशी वाद. म्हटलं, देवाने लुसियाला डोळे परत दिले, तेही लिहिलंय. "मंग मनाबी देल. दाक्तर कशाला?" म्हटलं, लुसियाने आपल्या आजारी आईला बरं करायला दूरवर नेलं होतं. "दुसऱ्या संतिणीच्या थडग्याशी नेलं. कल्यानला नाय."
हे सगळं माझ्याच तोंडून ऐकलेलं.

९ डिसें.
पाद्रीबाबांकडे गेले. म्हटलं, तुम्ही तरी समजवा. म्हणाले, "डोळे काढल्याची कथा जुन्या लिखाणात नाही, बाई. लोकांनी मागाहून जोडली. लुसिया श्रद्धेसाठी तलवारीने मेली, एवढंच." मग आईला तेवढं सांगा ना! तर म्हणे, "गोष्ट तू सांगितलीस. हेही तूच सांग."
आईला अजून सांगितलं नाही.

१३ डिसें., लुसियाचा सण
बाकीच्या बायका मेणाचे डोळे वाहतात ते दृष्टी सुधारावी म्हणून. आईने वाहिले ते देऊन टाकले म्हणून. चर्चमध्ये चाचपडत आल्तारापर्यंत, वेदीपाशी, गेली, माझा हात झिडकारला. बाबा गेल्यापासून इतकी समाधानी तिला पाहिली नव्हती. आणि मी मागे उभी, आपल्याच जिभेला शिव्या देत. त्या दिवशी दोन ओळी वाचून पुस्तक मिटलं असतं तर

१४ डिसें.
पेद्रू येऊन गेला. पाद्रीबाबा काय म्हणाले ते त्याला सांगितलं. उद्या पहाटे न्यायला येणार, शेवटचा दिवस. दारातच म्हणाला, "तुजे गोष्टीपायी आय आंधली होनार. खोटं हाय म्हनून सांग नि मोकली हो."
सांगितलं तर येईलही. पण मग कालच्या त्या समाधानाचं काय? आणि पुढे माझ्या कुठल्या शब्दावर ती विश्वास ठेवील? नाही सांगितलं तर उरलेलं आयुष्य अंधार, तोही मी दिलेला.
प्रार्थना झाली. शेजारणी आज नाहीत, आम्ही दोघीच. आई म्हणाली, "इजू, लुसियाची गोस्ट सांग. ती डोलं देते तिथनं." म्हटलं, थांब, एवढं लिहून घेते. ती हात जोडून बसलीय, दिव्याकडे तोंड करून, असं तिला वाटतंय. दिवा इथे माझ्यापाशी आहे, तिच्या पाठीमागे.
परत विचारतेय, "झालं का लिवून?"