आधी कोणता हात

१२ नोव्हेंबर, सकाळचे सव्वादहा. इस्पितळात, कॅमेऱ्यासमोर पलंगावर बसून लिहितो आहे.

तीर्थरूप दादास,

डोक्याला तारा चिकटवल्या आहेत, वाकता येत नाही. नमस्कार बसल्याबसल्याच मानून घे.

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं. फेफऱ्याचा झटका कॅमेऱ्यात टिपता यावा म्हणून गोळ्या बंद केल्यात. पण पाहुण्यांसमोर हटकून येणारा हा बाबा चार दिवस बोलावूनही येत नाही. शुक्रवारपर्यंत आला नाही तर घरी पाठवतील.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झटक्यात आधी कोणता हात वाकडा होतो? घरच्यांनी पाहिलं असेल ना?" त्यावरून मेंदूची बाजू ओळखायला मदत होते, आणि बाजू नक्की झाल्याशिवाय ऑपरेशन नाही. मला तर तेव्हा शुद्धच नसते. म्हणालो, "दादा माझ्यावर चादर टाकतो."

"अकरा वर्षं?" त्या म्हणाल्या.

लोकांनी बघू नये म्हणून टाकत होतास, हे जाणतो. पण तू तरी कधी आत डोकावलास का? उजवा की डावा, एवढंच लिहून हे पत्र आणणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दे. वहिनीलाही विचार. आईला मात्र मी हसतखेळत आहे असंच सांग.

माहीत नसेल तर नाही म्हणून लिही. अंदाजाने लिहू नकोस. डोकं माझं उघडायचं आहे.

तुझा धाकटा