दिवस मावळण्याआधीची गोळी

एरंडोल, मंगळवार संध्याकाळ

आज दवाखान्यात आमच्या नर्स सुनंदाताईंनी माझी चूक पकडली. कापड दुकानवाल्या जैनांच्या अक्कांचं बीपी तीन महिन्यांच्या गोळ्यांनीही उतरेना, म्हणून मी डोस वाढवायला पेन उचललं. ताईंनी एवढंच विचारलं, "अक्का, संध्याकाळी जेवता किती वाजता?"

"दिवस मावळायच्या आत. मग पाणीसुद्धा नाही."

"मग रात्रीची गोळी?"

"पाण्याशिवाय कशी घेणार?"

चिठ्ठीवर 'रात्री जेवणानंतर' हे अक्षर माझंच. त्यांच्या घरी संध्याकाळी उजेड असतानाच जेवलोय मी! जेवता किती वाजता, हे विचारायला मला का सुचू नये? डोस तोच ठेवला, फक्त वेळ बदलून दिली.

निघताना अक्का ताईंना म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी तुम्हीच बघा मला. मग डॉक्टर."