नाव कुणी सोडली

मुंबई, १२ ऑगस्ट १९९०

ती. नानांच्या चरणी शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आईच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. माझं एलएलएमचं दुसरं वर्ष सुरू झालं. यंदा सागरी कायदा घेतलाय. वर्गात आम्ही सहाच जण. बाकीचे पाच बंदराकाठचे, कुणाचे वडील कप्तान, कुणाचा मामा गोदीत. सरांनी पहिल्याच तासाला मला विचारलं की जालन्यापासून समुद्र किती लांब. मी म्हणाले, समुद्राचं माहीत नाही, पण गोदावरीवर आमच्या नानांची नाव चालायची. सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, मग त्या नावेवरच प्रबंध लिही, बोटींवर सगळेच लिहितात.

तेव्हा तुमची मदत पाहिजे. घाटाचा ठेका तुमच्याकडे होता तेव्हा नावेत किती माणसं बसवायची परवानगी होती? कागद असेल तर भुजंगदादाकडून पाठवा. शहात्तरच्या भादव्यात नाव उलटली, ती केस कोणत्या कोर्टात चालली तेही कळवा. मी दहा वर्षांची होते, नीट आठवत नाही. तुमच्या नावेनं मला मुंबईत मान मिळवून दिला बघा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातूनही येत राहू द्या.

तुमची लेक,
शिवकन्या

घाटवाडी, पो. शहागड, २६ ऑगस्ट १९९०

चि. शिवकन्येस धर्मराजचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं समदे खुशाल. मूग तोडून राह्यलो. कपाशी बरी आहे. तुझी आई रोज पोस्टमनची वाट पाहती अन् पत्र आलं की दोनदा वाचायला लावती.

नावेचं काय काढलंस? पूल झाल्यापासून घाटावर कुत्रं फिरकत न्हाई. परवानगीचा कागद कधीच हरवला. कोर्टानं बराबर निकाल दिलेला आहे. कडूबा नाव चालवायचा, त्यानं जास्तीची माणसं भरली, अकरा जण गेले, त्याला दोन वर्षं सजा झाली. मी त्या दिवशी बियाण्यासाठी जालन्याला गेल्तो, हे गावाला ठाऊक आहे. इंग्रजांच्या एवढ्या मोठ्या बोटी बुडाल्या, त्यातली एखादी घे. आपल्या फळकुटावर कुणी प्रबंध लिहितं का?

तब्येतीला जप. आमची आठवण असू दे.

धर्मराज

मुंबई, ३० सप्टेंबर १९९०

ती. नानांना शि. सा. न. वि. वि.

या पत्रात खुशाली कमी आहे, रागावू नका. निकालाची नक्कल मी कोर्टातून मिळवली.

आमच्या अभ्यासात एक कलम आहे. जहाज बुडालं तर मालकाची जबाबदारी एका मर्यादेपलीकडे जात नाही. अट एवढीच, की जे घडलं त्यात त्याची स्वतःची कसूर नसावी आणि त्याला ते ठाऊक नसावं. मालक धक्क्यावर उभा राहून बघत असेल, तर ते संरक्षण गेलं. हे कलम समुद्रातल्या जहाजांचं, आपल्या नावेला लागत नाही. पण सर शिकवत होते आणि मला आपला घाट दिसायला लागला.

शहागडचा बाजार सुटला होता, पलीकडच्या गावांची माणसं परत निघाली होती. मी पायऱ्यांवर गोडीशेव खात बसले होते. नाव भरली होती. कडूबा म्हणत होता की पाणी चढलंय, बाकीच्यांना पुढच्या खेपेला नेतो. तुम्ही त्याला म्हणालात, ‘तुला जमत नसंल तर बांबू ठेव अन् घरी जा.’ त्यानं बांबू ठेवला नाही. आणखी नऊ जण बसले.

निकालात लिहिलंय की ठेकेदार घाटावर नव्हता, त्याच्या दहा वर्षांच्या मुलीनंही तसंच सांगितलं. नाना, ती मुलगी मी. फौजदार आपल्या ओट्यावर बसलेला आठवतो. कोर्टात मला स्टुलावर उभं केलं होतं, तेही आठवतं. तसं बोलायला कुणी शिकवलं, तेवढं आठवत नाही. तुम्ही की आईनं?

उत्तराची वाट पाहते.

शिवकन्या

जुना जालना, ९ ऑक्टोबर १९९०

चि. शिवकन्येस भुजंगचा आशीर्वाद. वि. वि.

नाना परवा तुझं पत्र खिशात घालून माझ्या दुकानावर आल्ते. पत्र माझ्या हातात दिलं अन् कापडाच्या गठ्ठ्यांशी गिऱ्हाइकासारखे बसून राह्यले. तुझ्या वहिनीनं ताट वाढलं, त्यांनी भाकरीला हात लावला न्हाई. मी त्यांना काही विचारलं न्हाई. तूपण विचारू नको.

कडूबा सुटून आला त्याला बारा वर्षं झाली. शहागडला हायवेवरच्या धाब्यावर ट्रक धुतो. आजवर त्यानं कुणाकडं तक्रार केली न्हाई. ज्यानं सजा भोगली तो गप आहे, मंग तुलाच काय झालं? तुला कायदा शिकायला पाठवू नका म्हणून समदी भावकी उलटली होती, तेव्हा एकटे नाना तुझ्या बाजूनं उभे राह्यले. हे तुझ्या कोणत्या कलमात बसतं ते बघ.

दिवाळीला ये. भांडायला नको, सणाला ये. बहिणीवरचा माझा जीव तुला सांगायला नको.

भुजंग

मुंबई, ४ नोव्हेंबर १९९०

ती. नानांना शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत मी शहागडपर्यंत येऊन परत गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते.

कडूबाकाका धाब्यामागं बादली घेऊन उभे होते. मी कोण ते सांगितलं, तसे हात पुसून त्यांनी मला बाज टाकून दिली. मी म्हणाले, माझी साक्ष खोटी होती असं मी लिहून देते, तुमच्यावरचा डाग जाईल. ते म्हणाले, तुझे नाना त्या दिवशी जालन्याला गेल्ते. मी म्हणाले, मी घाटावर होते. ते म्हणाले, लहान होतीस, तुला काय आठवणार. मी हट्ट सोडला नाही, तेव्हा त्यांनी आपल्या बायकोला, मालनबाईला, चहाच्या निमित्तानं आत पाठवलं.

‘सुटलो तवा अकरा घरी जाऊन पाया पडलो,’ ते म्हणाले. ‘दोन घरांनी मारलं. बाकीच्यायनं भाकर वाढली. आता समदे मला बोलतेत, लग्नाला बोलवतेत. माझी कसूर न्हवती म्हणलीस, तर मी त्यायच्या पाया खोटाच पडलो व्हय?’

निघताना त्यांनी विचारलं, नाना बरे आहेत का.

प्रबंधाचा विषय बदलला. जहाजात भिजलेल्या साखरेच्या पोत्यांवर लिहिणार आहे. त्यात कुणी मरत नाही. सरांना सांगितलं की नावेचे कागद मिळाले नाहीत. दुसऱ्यांदा खोटं बोलले. या वेळी तरी शिकवणारं कुणी नव्हतं.

मी विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलंय. आईला नमस्कार.

शिवकन्या

घाटवाडी, १७ नोव्हेंबर १९९०

चि. शिवकन्येस अनेक आशीर्वाद.

घाटावर मी काय बोललो ते तू बराबर लिहिलंस. त्यात एक शब्द चुकला न्हाई.

तुझ्या आईनं तुला काही शिकवलं न्हाई, तिच्यावर आळ घेऊ नको. मीपण शिकवलं न्हाई. फौजदार आला तवा मी आत कणगीच्या मागं उभा होतो. तू ओट्यावर एकटीच खेळत होतीस. त्यानं विचारलं, तुझा बाप काल कुठं होता. तू म्हणालीस, नाना जालन्याला गेल्ते, मला रिबन आणायला. कुणीच सांगितलं न्हवतं. तुझं तूच बोललीस, अन् बोलताना आतल्या दाराकडं एकदापण पाह्यलं न्हाईस.

मला बाहेर यायला चार पावलं होती. मी आलो न्हाई. मंग गावानं तुझंच बोलणं धरलं. वकिलानं रिबन काढून बियाणं घातलं, एवढाच फरक.

घरी यायचं का न्हाई ते तू ठरव. तुझ्या आईला मी काही सांगितलेलं न्हाई, ती वाट पाहून राह्यली.

तू कायदा शिकलीस, कागदाची किंमत तुला कळती. अक्षर तुझ्या ओळखीचं आहे, म्हणून खाली सही करत न्हाई.