मायच्या खुर्चीमागचे दोन स्पीकर

अप्पा, काल मी नांदेडच्या घरात मायच्या खुर्चीमागं दोन लहान स्पीकर बसवले. एकेक जेमतेम वीतभर. तुम्ही आधी हसला असता, मग हातात घेऊन वजन बघितलं असतं आणि बोटाच्या पेरानं पेटी ठोकून पाहिली असती. मी दुकानात तेच केलं. विकणारा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. रिकाम्या डब्यासारखी वाजणारी पेटी घ्यायची नाही, हे त्याला कोण शिकवणार? त्याचे अप्पा भोंगेवाले नव्हते ना.

झालंय असं की मायला आता कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र ती घालत नाही, किडा शिरल्यासारखं वाटतं म्हणते. पोरं सिनेमा लावतात, सगळे हसतात, आणि माय त्यांची तोंडं बघून मागाहून हसते. अलीकडं तर ती उठून आतल्या खोलीतच जाऊन बसायची. मला ते बघवेना. म्हणून ठरवलं, घेईन तर असं घेईन की आपल्या घरात माय शेवटच्या खुर्चीतून उठून जाणार नाही.

दुकानदारानं माणसाएवढे उंच खांब दाखवले, म्हणाला, मॅडम, भिंती हादरतील. मी म्हटलं, भिंती राहू द्या जागेवर, माझ्या मायला बोलणं कळलं पाहिजे. मग आवाज कमी करायला लावला, सगळ्यात लांबच्या स्टुलावर जाऊन बसले आणि डोळे मिटले. पाच जोड्या ऐकल्या. ज्यांच्यातून हळू बोललेलं अक्षर न् अक्षर कळलं, ते दोन घेतले. ही तुमचीच रीत. बाकीचे लाऊडस्पीकरवाले हॅलो हॅलो ओरडून गाव डोक्यावर घ्यायचे. तुम्ही माईकवर हलक्या आवाजात भाज्यांची नावं घ्यायचात, भेंडी, दोडकं, चुका, आणि मी शेवटच्या रांगेत जाऊन ऐकू येतं का ते बघून यायची. भोंग्यांजवळ राहून तुमचा एक कान गेला होता. "तुझे कान तेच माझे कान," म्हणायचात. मला लई भारी वाटायचं.

लातूर वेगळा जिल्हा झाला ना, त्या साली पावसानं दडी मारली होती. अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मोठी सभा. तुम्ही सकाळपासून लिंबाच्या झाडावर चढून भोंगे बांधताय, मी खालून वायर देतेय. आठवीत होते मी. माय ठेवणीतलं इरकल नेसून बायकांच्यात, अगदी मागं बसलेली. नवा जिल्हा, नवा साहेब, सगळं खरं, पण बायकांना एवढंच ऐकायचं होतं की कुठल्या गल्लीत टँकर कोणत्या दिवशी येणार. सभेआधी तुम्ही मला मागं पाठवलंत. मी येऊन सांगितलं, येतंय ऐकू. सभा सुरू झाली. टाळ्या पडल्या, हार पडले. घरी आल्यावर मायनं विचारलं, "टँकर कधी म्हणाले हो? मागं निस्ती गुणगुण येत होती."

तुम्ही हातातली भाकरी ताटात ठेवलीत. माझ्याकडं बघितलंत, पण मला काही विचारलं नाही. म्हणालात, "वारं ध्यानात घेतलं न्हाई मी. चूक माझी हाय." दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता सायकलला भोंगा आणि बॅटरी बांधून गल्लोगल्ली टँकरचे वार सांगत फिरलात. मी दारात उभी राहून ऐकत होते. एवढा अभिमान मला नंतर माझ्या नोकरीचाही वाटला नाही. मग आठ दिवसांत सुताराकडून लाकडाच्या दोन छोट्या पेट्या करून आणून आत स्पीकर बसवलेत. पुढच्या प्रत्येक सभेत त्या बायकांच्या मागं, कानाच्या उंचीवर. म्हणायचात, "पुढच्याला तोंड तरी दिसतंय. भोंगा लागतोय तो मागच्याला."

आणि तुमची लेक एवढं ऐकूनही काय करून बसली, सांगू? स्पीकर छताला चिकटवून घेतले. उंच बांधला की आवाज लांब जातो, हे झाडाचं गणित चौदा फुटांच्या खोलीत लावलं. माय म्हणाली, "बाई, डोक्यावरून चाललाय आवाज." मग तुमच्या पेट्या आठवल्या. काल खाली घेतले, खुर्चीच्या मागं, कानापेक्षा जरासे वर, आणि बोलणं समोरच्या टीव्हीबरोबर या दोन्हींतूनही येईल असं करून घेतलं. पोरांनी सिनेमा लावला. एका ठिकाणी माय सगळ्यांच्या आधी हसली. नंतर पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुझ्या बापानं लावल्यासारखं लावलंस."

त्या बोलण्यानं छाती फुगली, अप्पा, आणि मग मी उठून हा कागद घेतला. हा कागद कुठं पाठवायचा आहे थोडाच, म्हणून लिहिते. सभेच्या त्या दिवशी वारं नव्हतं. पाहुण्यांसाठी मंडपाच्या मध्यावर गार पाण्याचे रांजण ठेवले होते. कितीतरी दिवसांनी मी पोटभर पाणी प्याले आणि तिथूनच मागं फिरले. शेवटच्या रांगेपर्यंत मी गेलेच नव्हते.