मुठीची ज्वारी

शिरूर, मंगळवार, १२ ऑगस्ट १९५८

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, शेजारीपाजारी कुणाला प्रभूविषयी सांगितलंत? मी कुणालाच नाही. दवाखान्याची ड्यूटी, घरची चूल, सांगायचं कधी?

आणि आज ड्यूटीला निघताना शेजारच्या सखूमावशी डबा घेऊन दारात. आत ज्वारी.

"बाई, सैपाकाआधी तुमी रोज मूठभर दाणं येगळं टाकता. तुमचं बघून मी बी टाकती."

ती मूठ आमच्या चर्चमधल्या गरिबांसाठी. आईची सवय, हातानं आपोआप होते. तेव्हा माझ्या मनात प्रार्थना कुठली, घड्याळच असतं. मग मावशींना त्या मुठीत काय दिसलं असेल?

"डबा भरला," त्या म्हणाल्या. "आता कुणासाठी काढायची असती, तेवढं सांगा."

मी चपला काढल्या आणि बसले.