देवाचा दिवा कोणी लावायचा

शुक्रवार, दिवेलागणीनंतर

परवा दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यातली लहानशी गाठ काढली. अजून शौचाला थोडं रक्त जातंय. डॉक्टर म्हणाले, "जाईल एक-दोन दिवस. वाढलं तर या." ठीक. मी काडेपेटी घेऊन देवघराकडं निघालो, तर बायको दारात आडवी आली.

"रक्त जातंय न्हवं? मग लांब बसा की! पाळी आली की मला बसवताय तसं."

"हे आजारपण हाय!"

"आणि माझं काय सोंग हाय?"

ओरडलो, तर पोटात कळ आली. खोटंच म्हणालो, "थांबलंय आता."

"मग आंबाबाईची शपथ घ्या आणि लावा दिवा."

हिला देवीच बरी सापडली! शपथ घेतली नाही. देवघर अंधारात आहे. काडेपेटी वहीशेजारी पडली आहे. उठून तिच्या हातात द्यावी? आज तरी देणार नाही.